हार्वर्ड डेटाव्हर्स: कच्च्या विदेसाठी एक परके पण भक्कम फडताळ

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाची विद्यापीठाच्या ग्रंथालयातील प्रत पदवीनंतर सतरा वर्षांनी पुन्हा हातात घेतली, तेव्हा तिच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेल्या कागदी पाकिटात सीडी जशीच्या तशी होती. सोलापूर जिल्ह्यातील तीन गावांतल्या २१२ शेतमजूर कुटुंबांकडून गोळा केलेली मजुरीची, कर्जाची आणि कामाच्या दिवसांची सगळी कच्ची विदा (डेटा) त्या सीडीवर होती, आणि त्याच कुटुंबांकडे वीस वर्षांनी पुन्हा जाऊ पाहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीला ती हवी होती. सीडी वाचणारा संगणक विभागात एकच उरला होता. त्यावर ती चालली, फाइलींची यादीही दिसली. पण फाइल उघडताच पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी आली, कारण मजकूर युनिकोडपूर्व काळातील एका फॉन्टमध्ये टंकलेला होता आणि तो फॉन्ट आता आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. आकड्यांचे स्तंभ तेवढे वाचता आले. मात्र चौदाव्या स्तंभात जागोजागी भरलेला ९ हा आकडा ‘उत्तर दिले नाही’ या अर्थाचा होता की ‘लागू नाही’ या अर्थाचा, हे तो आकडा जिने भरला त्या मलाही सांगता येईना.

ग्रंथालयाने त्याच्या परीने आपले काम केले होते. वस्तू हरवली नव्हती, तिच्यावर दाखल क्रमांक होता, नोंदवहीत तिची नोंद होती. तरीही वस्तू राहिली आणि विदा गेली. घराच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत मूळ प्रश्नावल्यांचे गठ्ठे शाबूत होते, म्हणून आम्ही दोघींनी चार महिने खपून सगळी माहिती नव्याने भरली, आणि मग ती ठेवायची कुठे हा प्रश्न उभा राहिला. तो सोडवताना वापरलेल्या हार्वर्ड डेटाव्हर्स या सेवेचे हे परीक्षण आहे.

असे नुकसान अपवादाने होते असे नाही. टिमथी व्हाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी २ ते २२ वर्षे जुन्या ५१६ शोधनिबंधांच्या लेखकांकडे मूळ विदा मागून पाहिली होती. निबंधाचे वय एका वर्षाने वाढले की त्यामागची विदा हाती लागण्याच्या शक्यतेचे प्रमाण १७ टक्क्यांनी घसरते, असे त्यांना आढळले. लेखकांचे ईमेल पत्ते बंद पडलेले असणे आणि विदा कालबाह्य साधनांवर अडकलेली असणे ही त्यामागची मुख्य कारणे होती. विदा संशोधकाच्या हाती सोडून चालत नाही, ती संस्थेने सांभाळली पाहिजे, हे जगभरच्या विद्यापीठीय ग्रंथालयांनी गेल्या दोन दशकांत मान्य केले आहे ते अशा अनुभवांवरूनच.

आपल्याकडे पहिली आठवण होते ती शोधगंगेची, आणि ती साहजिक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभ्या केलेल्या या कोठारात आज देशभरचे लाखो प्रबंध खुले आहेत. मी शोधगंगा जवळपास रोज वापरते आणि तिच्याविषयी मला आदरच आहे. पण ती प्रबंधांसाठी आहे. तिथे ‘०१_टायटल’पासून ‘८०_रेकमेंडेशन’पर्यंत नावे दिलेल्या पीडीएफ फाइली मिळतात, परिशिष्टात कोरी प्रश्नावलीही मिळते, त्या प्रश्नावलीला २१२ घरांनी काय उत्तरे दिली ते मात्र मिळत नाही. कोष्टक पीडीएफमध्ये गेले की ते पाहण्यापुरते उरते, त्यावर नव्याने गणित करता येत नाही. प्रबंध जपण्याची आपली व्यवस्था चांगली बसली आहे, पण ज्या पायावर प्रबंध उभा असतो तो पाया जपण्याची तेवढ्याच तोडीची व्यवस्था बहुतेक विद्यापीठांत अजून नाही.

हार्वर्ड डेटाव्हर्स हे हार्वर्ड विद्यापीठाचे विदा-कोठार आहे. तेथील इन्स्टिट्यूट फॉर क्वांटिटेटिव्ह सोशल सायन्स ही संस्था, हार्वर्डचे ग्रंथालय आणि विद्यापीठाचा माहिती-तंत्रज्ञान विभाग असे तिघे मिळून ते चालवतात. त्यामागचे डेटाव्हर्स नावाचे मुक्त सॉफ्टवेअर २००६ पासून विकसित होत आहे, आणि त्याआधी ‘व्हर्च्युअल डेटा सेंटर’ या प्रकल्पात त्याची पूर्वतयारी झाली होती. हे कोठार केवळ हार्वर्डच्या प्राध्यापकांसाठी राखून ठेवलेले नाही, ही आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. कोणत्याही देशातील, कोणत्याही विषयाचा संशोधक खाते उघडून तिथे आपली विदा ठेवू शकतो. प्रत्येक संशोधकाला १ टेराबाइटपर्यंत जागा विनामूल्य मिळते. एका फाइलीची मर्यादा २.५ गिगाबाइट आहे. सर्वेक्षणाचे आकडे ठेवणाऱ्याला ही जागा सात जन्म पुरेल. चित्रफिती, उपग्रहचित्रे किंवा जनुकीय विदा हाताळणाऱ्यांना मात्र फाइलीची मर्यादा लवकर आडवी येईल आणि त्यांनी आपल्या विषयाचे खास कोठारच शोधलेले बरे.

परके कोठार म्हणून संकोच वाटत असेल, तर आत कोण कोण आहे ते पाहावे. आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणांचा मोठा संग्रह तिथे आहे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या नावाशी जोडलेल्या जे-पॅल या संस्थेचा संग्रहही तिथेच आहे, आणि मुंबई व बडोद्याच्या शाळांत ‘प्रथम’ संस्थेबरोबर झालेल्या बालसखी प्रयोगाची विदा त्यात मिळते. मुंबईतल्या शाळांतील मुलांच्या गणिताच्या गुणांवर आज पंढरपुरात बसलेली विद्यार्थिनी स्वतः गणित करून पाहू शकते, ही सोय लहान नाही.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. मांडणी त्रिस्तरीय आहे: संग्रह, त्याच्या पोटात विदासंच आणि विदासंचाच्या पोटात फाइली. विदासंच तयार करताना पाच गोष्टी सक्तीने भराव्या लागतात, त्या म्हणजे शीर्षक, कर्ते, संपर्काचा ईमेल, वर्णन आणि विषय. मसुदा जतन करताच डीओआय क्रमांक, म्हणजे संचाचा कायमस्वरूपी ऑनलाइन ओळखक्रमांक, राखून ठेवला जातो आणि संच प्रसिद्ध केला की तो कायमचा लागू होतो. शीर्षक आणि वर्णन देवनागरीत देता येते. मी दोन्ही मराठीत दिले आणि खाली इंग्रजी भाषांतर जोडले. विषयांची ठरलेली यादी इंग्रजीतच आहे आणि ती फार ढोबळ आहे, त्यामुळे कृषिविज्ञान आणि समाजविज्ञाने असे दोन विषय निवडून मला पुढे जावे लागले. कळीच्या शब्दांबाबत एक सल्ला देते. शोधयंत्रणा मराठी शब्दांची विभक्तिरूपे जुळवून घेईल अशी अपेक्षा ठेवू नये. ‘मजुरी’, ‘मजुरीचे’ आणि ‘मजुरीवर’ हे यंत्राच्या लेखी तीन वेगळे शब्द आहेत, म्हणून शब्द मूळ रूपात, शक्य तर इंग्रजी पर्यायासह, स्वतंत्र द्यावेत.

फाइली चढवण्यापूर्वी देवनागरी मजकुराची एक काळजी घ्यावी लागते. एक्सेलमधून साधी सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली मजकूर-फाइल, काढली तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उरू शकतात. यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरे साठवण्याची पद्धत) असा स्पष्ट उल्लेख असलेला सीएसव्हीचा पर्याय निवडावा आणि फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडून डोळ्यांनी खात्री करावी. एका फाइलीत एकच कोष्टक ठेवावे, पहिल्या ओळीत स्तंभांची आटोपशीर नावे द्यावीत, आणि पिवळ्या-हिरव्या रंगांनी दाखवलेले अर्थ स्वतंत्र स्तंभात शब्दांत लिहावेत, कारण रंग सीएसव्हीत येत नाहीत. माझ्या जुन्या तक्त्यांत पिवळी घरे म्हणजे दुसऱ्यांदा भेट दिलेली कुटुंबे असा संकेत होता, आणि तो लिहून ठेवण्याचे तेव्हा मला सुचले नव्हते.

आता या सेवेच्या सर्वांत मोलाच्या भागाकडे येते. तुम्ही स्टाटा, एसपीएसएस, आर (ही तिन्ही संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर), एक्सेल किंवा सीएसव्ही यांपैकी एखाद्या स्वरूपातील कोष्टक चढवले की डेटाव्हर्स मूळ फाइल बाजूला जपून ठेवते आणि शिवाय तिची एक साधी, टॅबने स्तंभ वेगळे केलेली मजकूर-प्रत तयार करते. प्रत्येक स्तंभाची माहिती ती सामाजिक विज्ञानांतील विदेसाठी ठरलेल्या डीडीआय या प्रमाण पद्धतीने नोंदवते. उद्या स्टाटा बंद पडले, त्याची किंमत परवडेनाशी झाली किंवा त्याची नवी आवृत्ती जुनी फाइल उघडेना, तरी ही साधी प्रत कोणत्याही संगणकावर वाचता येईल. ही खबरदारी घेतली असती तर माझ्या सीडीचे जे झाले ते झाले नसते. मात्र हे रूपांतर ठरावीक स्वरूपांपुरतेच होते. वर्डमधील मुलाखती, छायाचित्रे किंवा एखाद्या दुर्मीळ सॉफ्टवेअरची फाइल दिली तर तिचे बाइट जसेच्या तसे जपले जातात, पण ती पुढे वाचता येईल की नाही हे तुमच्या निवडीवर राहते. मुलाखती म्हणूनच मी साध्या मजकूर-फाइलींत आणि पीडीएफमध्ये अशा दोन्ही रूपांत दिल्या.

त्यातही मला सर्वांत आवडली ती यूएनएफ नावाची खूण. सर्वसाधारण पद्धतीत फाइलीची बेरीजखूण, म्हणजे तिच्यातील सर्व बाइटांवरून गणिताने मिळणारा छोटा संकेत, काढतात, आणि डेटाव्हर्सही प्रत्येक फाइलीसाठी एमडी५ खूण दाखवते. तिच्यावरून फाइलीचा एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तरी कळते. पण तीच विदा स्टाटातून आरमध्ये नेली की फाइल बदलते आणि खूणही बदलते, आत एकही आकडा बदललेला नसला तरी. यूएनएफ ही फाइलीवर न काढता कोष्टकातल्या मूल्यांवर काढली जाते. संख्या सात सार्थ अंकांपर्यंत पूर्णांकित करून, मजकूर एका ठरावीक रूपात आणून मग त्यांचा सांकेतिक सारांश काढतात, त्यामुळे स्वरूप बदलले तरी खूण तीच राहते. ही खूण संचाच्या उद्धरणातच, म्हणजे संदर्भ देण्याच्या ओळीतच, छापलेली असते. दहा वर्षांनी कोणी माझी विदा वापरून वेगळा निष्कर्ष काढला, तर तिने वापरलेले आकडे माझेच होते की वाटेत बदलले, हे भांडण न करता तपासता येईल. एक बारीक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: मजकुराच्या स्तंभांत पहिली १२८ अक्षरेच या खुणेत धरली जातात. ‘सावकाराकडून कर्ज का घेतले?’ या प्रश्नाला बायांनी दिलेली परिच्छेदभर लांबीची उत्तरे त्यात पूर्ण येत नाहीत, आणि अशा विदेसाठी एमडी५ खुणेवरच भिस्त ठेवावी लागते.

आवृत्त्यांची शिस्तही कडक आहे. प्रसिद्ध केलेल्या संचाचे वर्णन सुधारले तर १.० ची १.१ होते, फाइल बदलली तर थेट २.० होते, आणि जुनी आवृत्ती कोणालाही पाहता येते. प्रसिद्ध संच पुसून टाकता येत नाही. काही गंभीर कारणाने तो मागे घेतला तरी डीओआयच्या पत्त्यावर संचाचे नाव आणि तो मागे घेतल्याची नोंद एवढे पान शिल्लक राहते. सरकारी दप्तरात खाडाखोड करताना मूळ अक्षर वाचता यावे अशी एकच रेघ मारून सही करतात, त्याच जातीची ही शिस्त आहे, आणि माझ्यासारख्या सतत दुरुस्त्या करणाऱ्या व्यक्तीला ती पहिल्या दिवसापासून जाचली. ती जाचते म्हणूनच विश्वासाची आहे, हे पटायला दोन आवृत्त्या जाव्या लागल्या.

फॉर्म भरायला मला एक संध्याकाळ लागली. विदेची संकेतसूची, म्हणजे प्रत्येक स्तंभाचा अर्थ सांगणारी पुस्तिका, लिहायला तीन महिने लागले, आणि डेटाव्हर्सने ती मागितलीच नाही. पाच सक्तीच्या रकान्यांत संकेतसूची नाही. ९ या आकड्याचा अर्थ न सांगताही मला तो संच प्रसिद्ध करता आला असता आणि त्याला तितकाच रुबाबदार डीओआय मिळाला असता. तो प्रश्न विचारला तो माझ्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी. त्यांना संख्याशास्त्र येत नाही, सर्वेक्षणाशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता, आणि नेमके त्यामुळेच त्या शेजारी बसून एकेक स्तंभावर बोट ठेवत ‘मॅडम, हे काय आहे?’ असे विचारत राहिल्या. ‘रोज’ आणि ‘उक्ते’ या दोन प्रकारच्या मजुरीत आम्ही फरक कसा केला? उक्त्या कामाची मजुरी दिवसावर कशी आणली? धान्यात दिलेली मजुरी पायलीने मोजलेली आहे, मग तिचे किलो कसे केले? ज्वारीची पायली आणि हरभऱ्याची पायली वजनाला सारखी भरत नाही. एका गावात आम्ही प्रत्यक्ष वजन करून पाहिले होते आणि उरलेल्या दोन गावांत तेच गुणोत्तर वापरले होते, हे त्यांच्या प्रश्नामुळे मला वीस वर्षांनी आठवले आणि संकेतसूचीत गेले. चौदाव्या स्तंभाचा उलगडाही असाच मूळ प्रश्नावल्या पुन्हा चाळताना झाला: दोन गावांत ९ म्हणजे ‘लागू नाही’ होते, आणि तिसऱ्या गावात अन्वेषक बदलल्यावर तोच आकडा ‘उत्तर दिले नाही’ या अर्थाने भरला गेला होता.

याचा दोष मी डेटाव्हर्सला देत नाही, कारण बाहेरच्या ठेवीदाराने स्वतःच्या हाताने विदा ठेवावी, अशीच ती सेवा आहे. शुल्क घेऊन विदा तपासून व मांडून देण्याची सोय तिथे आहे, पण ते डॉलरमधील शुल्क आपल्या महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात बसणारे नाही. ड्रायॅड या कोठारात प्रत्येक संच प्रसिद्ध होण्यापूर्वी माणूस तपासतो, आणि त्या सेवेलाही आकार द्यावा लागतो. युरोपातील सर्न प्रयोगशाळेचे झेनोडो हे २०१३ पासून चालणारे कोठार विनामूल्य आहे आणि एका नोंदीत ५० गिगाबाइटपर्यंत फाइली घेते. मोठ्या फाइली असतील तर मी तिथेच जाईन. (अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल झेनोडोटस याच्यावरून त्याचे नाव पडले आहे.) पण कोष्टकांची साधी प्रत करणे, स्तंभागणिक माहिती नोंदवणे आणि यूएनएफ काढणे या गोष्टी झेनोडो करत नाही, म्हणून सर्वेक्षणाच्या विदेसाठी माझे मत डेटाव्हर्सलाच आहे.

यापुढचा मुद्दा खाजगीपणाचा आहे, आणि यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. डेटाव्हर्सच्या अटींनुसार व्यक्ती ओळखू येईल अशी माहिती काढून टाकण्याची जबाबदारी ठेवीदाराची असते. नावे काढली की काम झाले असे बहुतेकांना वाटते, मलाही वाटत होते. पण साडेतीनशे उंबऱ्यांच्या गावात कासाराचे घर एकच असते, तेव्हा जातीचा स्तंभ हाच नावाचा स्तंभ ठरतो. जमिनीचे क्षेत्र आम्ही एकर-गुंठ्यांत नेमके लिहिले होते. गट क्रमांक काढून टाकला तरी गावाचे नाव आणि ३ एकर १७ गुंठे हा आकडा हाती असला, तर सातबारा ऑनलाइन पाहण्याच्या आजच्या काळात चिकाटीच्या माणसाला खातेदार शोधता येईल, आणि मग त्या घरावर सावकाराचे किती कर्ज होते हेही जगजाहीर होईल. अमेरिकेत बसलेल्या कोणत्याही यंत्रणेला हा धोका दिसणे शक्य नाही. त्यासाठी गाव माहीत असलेला माणूस लागतो. शेवटी आम्ही क्षेत्राचे पाच गट केले, एकदोन घरांच्या जाती ‘इतर’मध्ये मिळवल्या, गावांना अ, ब, क अशी नावे दिली, आणि नेमके क्षेत्र व गावांची नावे असलेली कोष्टके ना डेटाव्हर्सवर ठेवली ना आणखी कुठल्या संगणक-कोठारात, ती ट्रंकेतल्या कागदांबरोबरच राहिली. मुलाखतींच्या फाइली चढवल्या, पण त्यांना प्रवेशाची मर्यादा घातली. अशा फाइलीची नोंद सर्वांना दिसते, पण ती उतरवून घेण्यासाठी विनंती करावी लागते आणि ती विनंती ठेवीदाराकडे येते.

इथेच मेख आहे. विनंती माझ्या ईमेलवर येणार, आणि मी पाच वर्षांनी निवृत्त होणार. म्हणून संचाच्या परवानग्या आणि संपर्क यांत माझ्याबरोबर महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या नावाचे, कोणा एका व्यक्तीचे नसलेले खाते जोडले. हे प्रत्येकाने करावे.

परवान्याचा निर्णयही सोपा नव्हता. डेटाव्हर्समध्ये सीसी-झिरो हा परवाना आधीच निवडलेला असतो, म्हणजे ठेवीदार विदेवरचे आपले सगळे हक्क सोडून देतो. उद्धरण द्यावे अशी अपेक्षा असते, पण ती रीत म्हणून, कायदा म्हणून नव्हे. आकड्यांसाठी मला ते मान्य आहे, कारण आकड्यांवर मालकी सांगण्यात हशील नाही. पण त्या बायांनी खुरपणीच्या बांधावर बसून मला उत्तरे दिली होती ती ‘ताईच्या शिक्षणासाठी’. जगभर कोणीही, कशासाठीही वापरावे, याला त्यांची संमती मी तेव्हा घेतली नव्हती, कारण असा प्रश्न येईल हेच ठाऊक नव्हते. तिन्ही गावांत पुन्हा जाऊन जेवढ्या जणी भेटल्या त्यांना विचारले. बहुतेकींनी हसून होकार दिला, दोघींनी नको म्हटले, त्यांच्या नोंदी संचातून वगळल्या. नव्या सर्वेक्षणाच्या संमतिपत्रात विदा पुढे खुली होण्याविषयीचे वाक्य आता पहिल्याच पानावर आहे.

या सगळ्यानंतरही एक प्रश्न राहतोच: सोलापूरच्या गावांची विदा सांभाळायला केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स का गाठावे लागते? तंत्रज्ञान परके आहे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. डेटाव्हर्स सॉफ्टवेअर मुक्त आहे, आणि कोणतीही संस्था ते आपल्या सर्व्हरवर बसवू शकते. कॅनडातील विद्यापीठांची ग्रंथालये टोरांटो विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून चालवली जाणारी बोरिॲलिस ही एकच सामायिक डेटाव्हर्स सेवा वापरतात, नेदरलँड्समधील विद्यापीठांसाठीही डेटाव्हर्सएनएल ही सामायिक व्यवस्था आहे. आपल्याकडे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेने स्वतःचे डेटाव्हर्स उभे केलेले आहे. इक्रिसॅटने १९७५ पासून ज्या सहा गावांत घरोघरची नोंद ठेवायला सुरुवात केली, त्यांपैकी शिरापूर आणि कळमण ही गावे सोलापूर जिल्ह्यातली, तर कानझरा आणि किनखेड ही अकोल्याकडची. कोरडवाहू शेतीच्या अभ्यासकांना आज जगभर ही चार मराठी गावे ठाऊक आहेत, ती तिथे काही विशेष घडले म्हणून नव्हे. त्यांची विदा दुसऱ्यांना वापरता येईल अशा रीतीने नोंदवून जपली गेली म्हणून. त्याच जिल्ह्यात त्याच दशकांत आपल्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनीही सर्वेक्षणे केली असतील, आणि त्यांच्या प्रश्नावल्या माझ्यासारख्याच कुणाच्या माळ्यावर असतील किंवा रद्दीत गेल्या असतील.

महाराष्ट्रातील विद्यापीठांनी मिळून असे एक कोठार चालवणे खर्चाच्या दृष्टीने अशक्य नाही, पण सर्व्हर विकत घेऊन उद्‌घाटनाची फीत कापली की ते चालेल असेही मला वाटत नाही. शेजारी बसून ‘मॅडम, हे काय आहे?’ असे विचारणारी व्यक्ती प्रत्येक ग्रंथालयात लागेल, तिच्या कामाच्या तासांत हे काम मोजले जावे लागेल, आणि प्रबंध सादर करण्याच्या यादीत साहित्यचौर्य-तपासणीच्या प्रमाणपत्राशेजारी विदा व संकेतसूची जमा केल्याची एक ओळ यावी लागेल. तोपर्यंत, ज्यांच्याकडे आकडेवारीची मध्यम आकाराची, नावे काढून टाकता येण्यासारखी विदा आहे आणि संकेतसूची लिहिण्याचा धीर आहे, त्यांनी हार्वर्ड डेटाव्हर्स नि:शंक वापरावे. ज्यांची विदा आदिवासी पाड्यांतील आरोग्य, कौटुंबिक हिंसा किंवा असाच नाजूक विषय यांबद्दल आहे, त्यांनी कोणत्याही खुल्या कोठारात काही चढवण्यापूर्वी आपल्या संस्थेच्या नीतिसमितीशी बोलावे आणि घाई करू नये.

आमचा संच प्रसिद्ध झाल्यावर मी पुन्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन तो प्रबंध मागितला. काउंटरवरच्या सहायकांनी आधी पुस्तकावर काही लिहिण्यास नकार दिला, ते बरोबरच होते. मग वरिष्ठांना विचारून त्यांनी तालिकेतील नोंदीत डीओआय जोडला, आणि मागच्या पुठ्ठ्यावरच्या सीडीच्या पाकिटावर तोच क्रमांक शिसपेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात, स्वतःच्या हाताने लिहिला.